वाळू आधी दबते, मग फुगते

रिटेनिंग वॉलचं, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंतीचं डिझाइन करताना मागच्या भरणीसाठी एक कोन धरावा लागतो, अंतर्गत घर्षणाचा कोन, म्हणजे कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात त्याचं माप. नाशिकमध्ये मी साईटवर काम करायचे तेव्हा माझ्यासमोर आलेल्या बहुतेक ड्रॉइंगवर तो ३० अंश लिहिलेला असायचा. भरणीला गिरणेची वाळू येवो, दारणेची येवो, नाहीतर खडी क्रशरवरची क्रश सॅंड येवो, कोन ३० अंशच. हा आकडा सुरक्षित बाजूचा आहे आणि त्यावर कितीतरी भिंती वर्षानुवर्षं उभ्या आहेत, हे मला मान्य आहे. पण वाळू बदलली, हायवातून, म्हणजे डंपरमधून नुसती ओतली किंवा थर देऊन व्हायब्रेटर फिरवला, मागे पाणी साचलं किंवा निचरा झाला, तरी कागदावर काहीच हलत नाही, हे मला पटत नसे. पुढे एम.ई.ला जिओटेक, म्हणजे माती आणि पायांचं अभियांत्रिकी घेतलं. प्रबंधाचा विषय ठरवताना मार्गदर्शक मॅडमना म्हटलं, मला भरणीची वाळू ट्रायॲक्सियलमध्ये, म्हणजे बाजूंनी पाण्याने आवळून वरून भार देणाऱ्या यंत्रात, दाबून बघायची आहे. त्या म्हणाल्या, "बघ. पण नुसता किती भार घेते ते लिहीत बसू नकोस. भार घेताना ती आकाराने काय करते, ते बघ."

त्या वाक्याचा अर्थ पुरता कळायला लॅबमध्ये बराच काळ गेला. हा अनुभव त्याच कामाचा आहे.

नाशिकच्या वाळूबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण पुस्तकातली वाळू आणि आपली वाळू यांत फरक आहे. पाठ्यपुस्तकातले बहुतेक आलेख गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या पांढऱ्या वाळूवरचे असतात. आपल्याकडे सिमेंटच्या चाचणीसाठी जी प्रमाणित वाळू वापरतात ती तमिळनाडूतल्या एन्नोरची, तीही तशीच. आपला सगळा मुलूख मात्र काळ्या बेसॉल्टचा. नदीतून येणारी वाळू भुरकट काळी दिसते, भिंगाखाली धरली तर बेसॉल्टचे कण, मध्येच चमकणारे गारेचे आणि कॅल्सेडनीचे कण, क्वचित झिओलाइटचा पांढुरका तुकडा. (पांडवलेण्यांजवळच्या खाणी झिओलाइटच्या स्फटिकांसाठी खनिजांच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. त्याच दगडाचा चुरा आपण भरणीत टाकतो.) नदीच्या वाळूचे कण वाहून वाहून बोथट झालेले. क्रश सॅंड म्हणजे तोच बेसॉल्ट यंत्रात फोडलेला. तिचे कण टोकदार, चपटे, अंगावर भुकटी घेऊन आलेले. नदीची वाळू मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे आणि नदीच्या दृष्टीनेही ती तिथेच राहिलेली बरी. म्हणून दोन्ही वाळूंची तुलना करायची ठरली.

मातीच्या चाचण्या ही नाशिकला नवी गोष्ट नाही. दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून आहे, आणि शहराच्या डोक्यावर गोदावरीवर उभं असलेलं गंगापूर धरण मातीचंच आहे. तरी वाळूचं काम करणारे विद्यार्थी कमी. काळ्या मातीचं फुगणं, तिला चुना किंवा राख घालून शांत करणं, हे विषय लोक घेतात, कारण त्याचा त्रास घरोघरी दिसतो. वाळूबद्दल समज असा की ती भरली की झालं.

सुरुवातीची कामं कंटाळवाणी पण चुकवता न येणारी. वाळू धुवून १०५ ते ११० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वाळवली, चाळण्यांवर टाकली, २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली आणि ७५ मायक्रॉनवर राहिलेली तेवढी घेतली. क्रश सॅंडचीही भुकटी बाजूला काढली. दोन्ही वाळूंची प्रतवारी एकसारखी केली, म्हणजे फरक दिसेल तो कणांच्या बोथट-टोकदार घडणीचा, बारीक-जाड मिश्रणाचा नाही.

मग सैल वाळू किती सैल आणि दाट किती दाट, हे ठरवावं लागतं. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या चौदाव्या भागात त्याची रीत दिली आहे. सैलसाठी नरसाळ्यातून अगदी कमी उंचीवरून हलक्या हाताने ओतायची. दाटसाठी साच्यात भरून, वर वजन ठेवून, कंपन टेबलावर ८ मिनिटं हलवायची. या दोन टोकांच्या मध्ये आपलं सँपल कुठे बसतं, त्याला रिलेटिव्ह डेन्सिटी म्हणतात. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच. 'वाळूचा कोन किती' असं कोणी विचारलं तर आता माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, रिलेटिव्ह डेन्सिटी किती?

सँपल तयार करणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत नाजूक काम, आणि त्याबद्दल पुस्तकात दोन ओळी असतात. चिकणमातीचा गोळा कापून नळकांडं करता येतं. कोरडी वाळू उभी राहतच नाही. तिला बाजूने दाब नसेल तर ती शून्य भार घेते, अक्षरशः शून्य. म्हणून आधी तिला खोटा दाब द्यावा लागतो.

बैठकीवर पोरस स्टोन ठेवायचा, त्यावर पातळ रबरी मेंब्रेन चढवून ओ-रिंगने आवळायचं, भोवती दोन फाकांचा मोल्ड बसवायचा, मेंब्रेनचं वरचं तोंड मोल्डवर उलटून घ्यायचं आणि मोल्डला व्हॅक्यूम लावून मेंब्रेन भिंतीला चिकटवायचं. आत ३८ मिलिमीटर व्यासाची आणि ७६ मिलिमीटर उंचीची पोकळी तयार होते. आकारमान साधारण ८६ घनसेंटिमीटर. आता यात वाळू ओतायची. सैल सँपल हवं असेल तर नरसाळ्याचं टोक वाळूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, हळूहळू वर उचलत जायचं. दाट हवं असेल तर थर टाकून मोल्डला बाहेरून टिचक्या मारायच्या. वाळू किती उंचीवरून पडते आणि किती वेगाने पडते यावर तिची घनता ठरते. म्हणजे तीच वाळू, तेच भांडं आणि हात बदलला की पदार्थ बदलला. पंख्याचा वारा, शेजारच्या टेबलावर कोणी आपटलेली चाळणी, सगळ्याचा परिणाम सैल सँपलवर होतो. लॅबमधले काका सैल सँपल भरताना दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, आता कुणाशी बोलायचं नाही."

वर टोपी ठेवून, ओ-रिंग चढवून, सँपलच्या आत सुमारे २० किलोपास्कल व्हॅक्यूम लावायचा. मग मोल्डच्या फाका दूर करायच्या आणि वाळूचं नळकांडं आपोआप उभं राहतं. बोट लावून बघितलं तर टणक लागतं. बाहेरची हवा त्याला चारी बाजूंनी आवळत असते, कणांना धरून ठेवणारं दुसरं काहीही आत नसतं. व्हॅक्यूम सोडला तर क्षणात ढीग होईल. वाळूची ताकद तिच्या स्वतःत नसते, तिला मिळणाऱ्या आवळण्यात असते, हे इथे हाताला कळतं. कार्ल टर्झागी यांनी मांडलेला परिणामी ताणाचा सिद्धांत (एकूण दाबातून कणांमधल्या पाण्याचा दाब वजा केला की उरतो तोच कणांना आवळतो) मी परीक्षेत अनेकदा लिहिला होता. तो खरा समजला तो ते नळकांडं पहिल्यांदा मोल्डमधून बाहेर काढल्यावर.

व्हर्नियरने वर, मध्ये आणि खाली व्यास मोजायचा, मेंब्रेनची जाडी वजा करायची, उंची मोजायची. घातलेल्या वाळूचं वजन माहीत असतं, त्यावरून घनता निघते. मग सँपलभोवती सेल, म्हणजे दाब सहन करणारं बंद भांडं बसवायचं, त्यात पाणी भरायचं, आणि बाहेरचा दाब वाढवत आतला व्हॅक्यूम सोडत जायचा. आवळणं एका क्षणापुरतंही सुटता कामा नये.

पुढची पायरी पाण्याने तृप्त करण्याची, सॅच्युरेशनची. आपण सँपलचं आकारमान मोजणार ते त्यातून आत-बाहेर जाणाऱ्या पाण्यावरून. आत हवेचे बुडबुडे राहिले तर ते दबतात आणि आकडा खोटा येतो. ८६ घनसेंटिमीटरच्या सँपलमध्ये एक टक्का बदल म्हणजे पाऊण घनसेंटिमीटरहून थोडं जास्त. एवढ्या बारीक मोजमापात एक बुडबुडासुद्धा परवडत नाही. म्हणून आधी खालून कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हुसकावायची (तो पाण्यात सहज विरघळतो), मग हवा काढलेलं पाणी खालून अगदी सावकाश वर चढवायचं, आणि मग सेलचा दाब व आतल्या पाण्याचा दाब बरोबरीने टप्प्याटप्प्याने वाढवायचा, म्हणजे उरलीसुरली हवाही विरघळते. झालं की नाही हे बघायला बी व्हॅल्यू तपासतात. पाण्याची झडप बंद ठेवून सेलचा दाब वाढवला, तर आतल्या पाण्याचा दाब किती वाढतो, त्याचं हे गुणोत्तर, स्केम्प्टन यांनी १९५४ मध्ये मांडलेलं. ०.९५ च्या वर आलं की पुढे जायचं. याला घाई चालत नाही. संध्याकाळी दाब लावून ठेवून सकाळी येऊन बघायचं, असंच बहुतेक वेळा केलं.

कन्सॉलिडेशनला, म्हणजे बाजूच्या दाबाखाली पाणी निघून सँपल बसण्याला, वाळूत फार वेळ लागत नाही, पाणी भराभर निघतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. बाहेरचा दाब वाढला की मेंब्रेन कणांच्या मधल्या खाचांत थोडं आत शिरतं आणि त्यामुळेही पाणी बाहेर येतं. ते वाळूचं दबणं नसतं. कण जाड असतील तर ही रक्कम किरकोळ राहत नाही, हिशेबात धरावी लागते. भार देताना बाजूचा दाब स्थिर असेल आणि निचरा मोकळा असेल तर मेंब्रेन आणखी आत शिरत नाही, म्हणून ती अडचण तिथे येत नाही.

आता भार. बाजूचा परिणामी दाब १०० किलोपास्कल, निचऱ्याची झडप उघडी, यंत्राची बैठक मिनिटाला पाव मिलिमीटर वर सरकते. तासाभरात सँपल आपल्या उंचीच्या वीस टक्क्यांनी आखूड होतं. समोर तीन गोष्टी असतात. प्रूव्हिंग रिंगचा डायल, म्हणजे भार. उभ्या हालचालीचा डायल, ज्याची एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. आणि आकारमान मोजायचा ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, ज्यात पाणी आणि लाल रंग घातलेलं रॉकेल यांच्यामधली सीमारेषा वर-खाली होते. सँपलने पाणी बाहेर टाकलं की रेषा एका बाजूला, आत ओढलं की दुसऱ्या बाजूला. नवखा माणूस भाराच्या डायलकडे बघत राहतो, कारण तो सर्वांत जास्त पळतो. मॅडमनी मला ब्युरेटसमोर बसवलं.

दाट वाळूचं सँपल भाराखाली गेलं की सुरुवातीला लाल रेषा दबण्याच्या बाजूला सरकते. हे अपेक्षितच, दाबलं की दबणार. पण हे फार थोडा वेळ चालतं. उंचीत अर्धा-एक टक्का घट होते न होते तोच रेषा थांबते. आणि मग उलटी फिरते. वरून भार वाढतोय, सँपल आखूड होतंय आणि त्याच वेळी ते बाहेरून पाणी आत ओढतंय. म्हणजे त्याचं एकूण आकारमान वाढतंय. दाबल्यावर फुगणारा पदार्थ! डायलेटन्सी हा शब्द मला पाठ होता, व्याख्याही पाठ होती. पण ती रेषा उलटी फिरताना पाहणं वेगळं. मी काकांना हाक मारून दाखवलं. त्यांनी कितीतरी विद्यार्थ्यांची सँपलं पाहिलेली, तरी ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दाट भरलंय. छान फिरलीये."

कारण कणांच्या रचनेत आहे. दाट वाळूत प्रत्येक कण खालच्या कणांच्या खाचेत बसलेला असतो. घसरायचं तर त्याला आधी त्या खाचेतून वर चढावं लागतं, तेव्हा शेजारचे कण एकमेकांपासून दूर सरतात आणि मधल्या पोकळ्या मोठ्या होतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये हे दाखवलं होतं. समुद्रकाठच्या ओल्या, चापून बसलेल्या वाळूवर पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. पाणी पिळून निघण्याऐवजी आत शोषलं जातं, कारण पावलाने वाळू फुगवलेली असते. गुहागरच्या किनाऱ्यावर हे मी लहानपणी पाहिलं होतं, आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, कारण मात्र शोधलेलं नसतं.

आता ताकदीचा भाग. फुगायचं म्हणजे वाळूला बाजूचा दाब मागे ढकलावा लागतो. सेलमधलं पाणी तिला १०० किलोपास्कलने आवळतंय, त्याच्या विरुद्ध ती रुंदावते. हे काम फुकट होत नाही, ते वरच्या भारालाच करावं लागतं. म्हणून दाट वाळू जो जास्तीचा भार घेते, तो कणांच्या खरखरीतपणामुळे कमी आणि या फुगण्यामुळे जास्त. डोनाल्ड टेलर यांनी १९४८ मध्ये हा हिशेब कामाच्या भाषेत मांडला होता. याचा पडताळा आलेखात मिळतो. भाराचा आलेख शिखरावर पोचतो तो नेमका तिथेच, जिथे ब्युरेटची रेषा सर्वांत वेगाने फुगण्याच्या बाजूला पळत असते. शिखर गेलं की भार उतरू लागतो, फुगण्याचा वेग मंदावतो. दोन्ही रकाने मी शेजारी लिहीत होते, एक न बघता दुसऱ्याचं शिखर सांगता येत होतं.

आकड्यांत सांगायचं तर, १०० किलोपास्कल बाजूच्या दाबाला कोन ४० अंश असेल तर ३८ मिलिमीटरचं हे सँपल वरून सुमारे ४२ किलो वजनाएवढा जादा भार पेलतं. कोन ३२ अंश असेल तर तोच भार सुमारे २६ किलो. मधले १६ किलो कोणत्याही सिमेंटमुळे नाहीत, नुसत्या रचनेमुळे आहेत.

सैल सँपलचं वागणं वेगळं. रेषा दबण्याच्या बाजूला जी निघते ती फिरतच नाही. उंची पंधरा-वीस टक्के घटेपर्यंत ते दबत राहतं, भार सावकाश चढत राहतो, शिखर म्हणून काही येत नाही. सँपल मधोमध पिंपासारखं फुगीर दिसतं, पण आतून ते दाट होत असतं. दाट सँपलला मात्र शिखरानंतर एका तिरप्या पट्ट्यात फाटल्यासारखी रेघ उमटते. मेंब्रेनवर ती बोटाने चाचपता येते. त्या पट्ट्याची जाडी कणांच्या सरासरी व्यासाच्या साधारण दहा ते वीस पट असते. सगळं घसरणं त्या पट्ट्यात गोळा होतं आणि वर-खालचे भाग नुसते बरोबर चालतात.

इथे आर्थर कॅसाग्रांडे यांचं १९३६ चं निरीक्षण येतं. सैल वाळू दाट होत जाते, दाट वाळू सैल होत जाते आणि पुरेसं घसरल्यावर दोघी एकाच घनतेला, एकाच ताकदीला पोचतात. पुढे केंब्रिजला रॉस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर क्रिटिकल स्टेटची, म्हणजे त्या शेवटच्या स्थिर अवस्थेची मांडणी उभी केली. माझ्या आलेखांत भाराच्या दोन रेघा शेवटी जवळ आल्या, पण घनतेच्या रेघा पूर्ण भेटल्या नाहीत. आधी मला वाटलं, मोजण्यात काही राहतंय. मॅडमनी समजावलं की दाट सँपलमध्ये फुगणं फक्त त्या पातळ पट्ट्यात होतं आणि ब्युरेट अख्ख्या सँपलची सरासरी दाखवतो. पट्ट्यातली वाळू क्रिटिकलला पोचलेली असते, बाहेरची नसते. आलेख आणि सिद्धांत यांत अंतर दिसलं की आधी यंत्राला बोल लावायचा नाही, सँपलमध्ये काय चाललंय ते विचारायचं, हे त्यांचं शिकवणं मला फार मोलाचं वाटतं.

सँपलच्या वरच्या-खालच्या टोकांची नोंदही करायला हवी. वरच्या-खालच्या चकत्यांवर वाळू घासते, त्यामुळे तिथला भाग रुंदावू शकत नाही आणि पिंपाचा आकार येतो. चकत्यांवर सिलिकॉन ग्रीस आणि रबराची पातळ चकती घातली तर सँपल बरंच सरळ राहतं. सँपल रुंद झालं की भार मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो, म्हणून प्रत्येक वाचनाला क्षेत्र नव्याने काढावं लागतं. निचऱ्याच्या चाचणीत या हिशेबात आकारमानाचा बदलही धरतात. पुन्हा ब्युरेटच.

मग बाजूचा दाब बदलून पाहिला. ज्या घनतेची वाळू ५० किलोपास्कलला जोरात फुगत होती, तीच ४०० किलोपास्कलला जेमतेम फुगली. आवळणं जास्त असेल तर खाचेतून वर चढणं महाग पडतं, कणांची टोकं मोडतात. त्यामुळे कोनही उतरतो. म्हणजे 'दाट' हा शब्द एकटा वापरता येत नाही, किती दाबाखाली दाट, हे बरोबर सांगावं लागतं. माल्कम बोल्टन यांनी १९८६ मध्ये अनेक वाळूंच्या चाचण्या एकत्र करून घनता आणि दाब या दोघांचा एकत्र निर्देशांक दिला. तो वापरायला सोपा आहे आणि आपल्याकडे डिझाइनच्या टेबलावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

क्रश सॅंडकडून माझी अपेक्षा होती की टोकदार कण म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस. तसं सरसकट दिसलं नाही. शेवटी स्थिरावणारा कोन नदीच्या वाळूपेक्षा जास्त आला, शिखरही उंच आलं. पण सुरुवातीला ती जास्त दबली. टोकदार कण ओतले की एकमेकांत अडकून मोठ्या पोकळ्या धरून बसतात आणि भार आल्यावर त्या पोकळ्या मिटतात. मोठ्या दाबाच्या चाचणीनंतर ती वाळू पुन्हा चाळली तर बारीक भुकटी वाढलेली दिसली, कोपरे तुटलेले. भिंतीच्या मागे ही वाळू चांगली. फरशीखाली किंवा टाकीच्या तळाखाली, जिथे काही मिलिमीटर खचणंही महत्त्वाचं, तिथे नीट कुटल्याशिवाय ती वापरू नये.

खचण्यावरून आठवलं. भार मध्येच काढून पुन्हा दिला तेव्हा जे दिसलं ते साईटवरच्या प्रत्येकाने बघावं. भार काढल्यावर सँपल थोडंच परत येतं, बहुतेक आखूडपणा कायम राहतो, कारण कण नव्या जागी बसलेले असतात. पुन्हा भार दिला की पहिल्या भारापर्यंत आलेख खूप उभा चढतो, म्हणजे वाळू कडक वागते, आणि जुनी पातळी ओलांडली की परत पहिल्या वाटेला लागते. कुटलेली भरणी का खचत नाही याचं उत्तर याच वळणात आहे. व्हायब्रेटर फिरवणं हा बिलातला एक रकाना नाही. इमारत येण्याआधीच कणांना हलवून घेणं म्हणजे ते.

सर्वांत अस्वस्थ करणारी चाचणी झडप बंद करून केलेली, सैल सँपलवर. आता पाणी बाहेर जाऊ शकत नाही. वाळूला दबायचंय, पण पोकळ्यांत पाणी आहे आणि पाणी दबत नाही. मग भार कणांवरून पाण्यावर जातो, पाण्याचा दाब चढतो आणि कणांना आवळून धरणारा परिणामी दाब घटतो. भाराचा काटा थोडा चढला, थबकला आणि मग उतरतच गेला, आणि सँपल भराभर बसलं. हेच भूकंपाच्या हादऱ्यांनी मोठ्या क्षेत्रावर होतं तेव्हा त्याला द्रवीकरण म्हणतात. १९६४ मध्ये जपानमधल्या निगाता इथे त्यामुळे इमारती आडव्या कलल्या, २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या सपाट भागात वाळू आणि पाणी जमिनीतून वर आलं. नाशिकला खडक बहुतेक ठिकाणी उथळ आहे, म्हणून तेवढी भीती नाही. पण सैल भरलेली, पाणी साठलेली भरणी ही आपण स्वतः तयार केलेली तशीच जमीन असते. दाट सँपलवर झडप बंद ठेवली तर उलटं होतं. वाळूला फुगायचं असतं, पाणी मिळत नाही, पाण्याचा दाब पडतो आणि वाळू आणखी घट्ट होते. एकाच गोणीतली वाळू, झडप बंद, आणि एक सँपल कोसळतं तर दुसरं भक्कम होतं. दोन्ही आलेख एका कागदावर काढले तेव्हा मला साईटवरच्या त्या ३० अंशांबद्दल का खटकत होतं, ते नेमकं कळलं.

प्रबंधाच्या शेवटी मी कोन दिला आहे, पण एक आकडा म्हणून नाही. घनता आणि दाब यांच्या तक्त्यात दिला आहे, शिखराचा वेगळा आणि स्थिर अवस्थेचा वेगळा, आणि प्रत्येक कोनाशेजारी त्या वेळी वाळू फुगत होती की दबत होती, ते लिहिलं आहे. परीक्षकांनी विचारलं, भिंतीच्या डिझाइनला यातला कोणता घ्यायचा? मी स्थिर अवस्थेचा सुचवला. शिखराचा कोन मिळण्यासाठी वाळू साईटवर तेवढीच दाट भरली गेली पाहिजे, आणि भिंत हलू लागल्यावर तो टिकत नाही. शिवाय लांब भिंतीमागची वाळू एका बाजूने बांधलेली असते, तिला लांबीच्या दिशेने पसरता येत नाही. आपलं नळकांडं चारी बाजूंना मोकळं. भिंतीमागच्या त्या बांधलेल्या स्थितीत दाट वाळूचा कोन ट्रायॲक्सियलपेक्षा काही अंशांनी जास्त येतो, म्हणजे आपण सुरक्षित बाजूलाच राहतो.

एक काम राहिलं आहे. क्रश सॅंडची भुकटी मी बाजूला काढली होती, पण हायवातून येते ती वाळू भुकटीसकट येते. भुकटी पोकळ्या भरते, निचरा मंदावते, आणि मग उघडी झडपही काही काळ बंद झडपेसारखी वागू शकते. भुकटीचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून त्याच चाचण्या पुन्हा करायच्या आहेत. त्यासाठीच्या गोण्या क्रशरवरून आणून लॅबमध्ये ठेवल्या आहेत, आणि काकांनी पहिल्या मिश्रणासाठी ओव्हनमध्ये ट्रे लावलाय.